उघडा तळहात

"रांगोळीत गुंगून जा, पण दाराकडे सरकत सरकत," आमच्या बाई शिकवताना बजावायच्या. "नाहीतर चारी बाजूंनी रंग भराल आणि मध्येच अडकून बसाल."

बाईंना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या प्रदर्शनासाठी मी शाळेच्या हॉलभर एका फोटोवरून त्यांचंच चित्र काढत होते. फोटोत त्या बसलेल्या, हात मांडीवर, तळहात उघडा. चेहरा झाला, पदर झाला, जरीचा काठ झाला. चिमटीतून रंग सुटत राहिला आणि मला कशाचंच भान उरलं नाही.

"हेमा, चहा!" दारातून मैत्रिणीनं हाक मारली तेव्हा मी मान वर केली. सगळीकडे रांगोळीच होती. मी नेमकी बाईंच्या तळहातावर बसले होते, आणि मी उघडी काढलेली बोटं आता माझ्याभोवती मिटली होती.

"अगं, मी इथं अडकलेय!" मी ओरडले.

तिनं मला शोधत हॉलभर नजर फिरवली. चहाचा कप उंबरठ्यावर ठेवला आणि चित्राकडे निरखून बघत स्वतःशीच म्हणाली, "फोटोत तर बाईंचा हात उघडा आहे. मग हेमानं मुठीत ही कोण काढलीय?"