क्लेमच्या मापाचं टेबल

टेबल उंच झालं होतं. खाली उताणा पडून नट आवळणाऱ्या व्हर्न पास्कोला ते ठाऊक होतं, आणि शेडच्या दारात पाऊल टाकताच क्लेम ट्रेलोरच्याही ते नजरेत आलं. आता असलं काही दिसूनही गप्प बसेल तर तो क्लेम कसला.

"हे कुणासाठी केलंयस लेका? जिराफासाठी?"

"वरून बोल्ट धर," व्हर्न खालून म्हणाला. "तोंडाने नको, हाताने."

क्लेमने बोल्ट धरला. लाल गम जातीच्या निलगिरीची अखंड फळी होती ती, मोडक्या लोकरीच्या शेडमधून आणलेली. ती मागे टाकल्यावर गाडीची पुढची चाकं उचलली गेली आणि मैलभर आपण नुसत्या मागच्या चाकांवर आलो, असं व्हर्न सांगतो. त्याची बायको नोरीन म्हणते, मैलभर काही नाही, फाटकापर्यंत. पण फळी अशीच लागते. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्यासाठी मापात आणायची तर टेबलावर बसवलेल्या यंत्राचा दांडा अंगातलं सगळं बळ लावून खाली ओढावा लागतो. टेबल हललं की काम बिघडलं.

क्लेमने दांडा ओढून पाहिला. टेबल जागचं हललं नाही, छपराचे पत्रे मात्र खडखडले.

"जमलंय," तो म्हणाला, आणि असं बोलून गेल्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. "भिंतीवर रेडिओ दिसत नाही तो?"

"खुराड्यात आहे. कोंबड्या ऐकतात. आपली विकेट पडली की त्या दिवशी अंडं मिळत नाही."

क्लेम हसला नाही. व्हर्नही हसला नाही. रेडिओ खुराड्यात का गेला ते दोघांना माहीत होतं. मागच्या आठवड्यात व्हर्न नोरीनच्या ओट्याशी बसून, क्रिकेट ऐकत ऐकत पुंगळ्यांत बंदुकीची दारू भरत होता. शेवटचा गडी बाद झाला, व्हर्न उठून नाचला, परत बसला, आणि एका पुंगळीत दारू न घालताच त्याने वर गोळी बसवली. रविवारी नेमबाजीच्या माळावर त्या काडतुसाने नुसतं फुस्स केलं. काडतूसच वाया गेलं असं समजून व्हर्नने दुसरं आत सारलं. तेवढ्यात शेजारी पालथ्या पडलेल्या क्लेमने त्याच्या बंदुकीवर आडवा हात टाकला.

"थांब. आवाज बरोबर नव्हता."

दारूशिवाय, बुडाच्या टोपीच्या नुसत्या ठिणगीने ढकललेली पहिली गोळी नळीतच अडकली होती. दुसरी तिच्यावर जाऊन आदळली असती तर नळी फाटून व्हर्नच्या तोंडावर आली असती. त्यावर व्हर्न क्लेमला काय म्हणाला? म्हणाला, "हात काढ, घामट." आपल्याकडे यापेक्षा गोड कुणी बोलत नाही. नळीतली गोळी त्यांनी गज घालून ठोकून काढली. व्हर्नच्या घशात मात्र एक वाक्य तेव्हापासून अडकलं होतं, आणि त्याला लावायला गज सापडत नव्हता. नोरीनने एवढंच बजावलं, "माझ्या ओट्यावर पीठ मळायचं, दारू नाही. आणि एकट्याने तर कुठंच नाही." महिन्याभरात मेंढ्या विणार होत्या, कोल्हे आत्ताच कुंपणाशी फिरू लागले होते. काडतुसं भरणं सोडून चालणार नव्हतं.

व्हर्न टेबलाखालून निघाला, सफरचंदांचं रिकामं खोकं पायाने ओढलं आणि त्यावर चढला. तेव्हा कुठे त्याचे हात टेबलावर नीट पोचले.

"अरे, स्वतःची उंचीसुद्धा विसरलास?" क्लेमला आता चेव आला. "चार पाय कापायला कितीसा वेळ लागतो? आण करवत."

"तू बस आधी." व्हर्नने एक उंच स्टूल पुढे केलं. त्यावर गादी शिवलेली होती.

"कशाला?"

"बस म्हटलं ना."

क्लेमची पाठ वाकत नाही. घोड्यावरून पडला तेव्हापासून ती फळीसारखी ताठ आहे. त्याच्या बुटाच्या नाड्या त्याचा कुत्रा बांधतो असं गावात म्हणतात, आणि कुत्र्याने ते कधी नाकारलेलं नाही. तो कुरकुरत बसला. व्हर्नने भोकांच्या फळीत पुंगळ्या उभ्या केल्या, पहिल्या रांगेत मापून दारू घातली आणि फळी सरकवून त्याच्यासमोर आणली.

फळी थेट क्लेमच्या नाकाखाली आली. मान जराशी खाली केली की पुरे, पाठीला काही करावं लागत नव्हतं, आणि प्रत्येक पुंगळीत दारू पडली की नाही ते दिसत होतं. उजव्या हाताशी, बरोबर जिथे हात जाईल तिथे, सुतळीला बांधलेली टॉर्च लोंबत होती.

क्लेमने टेबलाच्या पायांकडे पाहिलं. मग व्हर्नच्या पायांखालच्या खोक्याकडे. करवतीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. टॉर्च घेतली, पेटवली आणि पहिल्या पुंगळीत उजेड टाकला.

व्हर्न पुढची रांग भरू लागला. एवढ्यात खुराड्यातून हजारो माणसांचा गलका उठला. कुणीतरी बाद झालं होतं. कोंबड्या कलकलल्या. व्हर्नच्या पायांखालचं खोकं करकरलं. हातातलं माप मात्र हललं नाही. ती पुंगळी भरून झाली तेव्हा त्याने माप खाली ठेवलं.

"क्लेम, रविवारी तू जे…"

"दारू भरताना बोलायचं नाही," क्लेम पुंगळीवरची नजर न काढता म्हणाला. "भरलीय. पुढची."