खंडेनवमीची काठी

खंडेनवमीच्या पूजेसाठी मुलाने वारलेल्या वडिलांची पोलिसातली काठी खुंटीवरून काढली. ती पाहताच कुत्री आईच्या पायांत शिरली आणि तिथेच मुतली.

"कसलं भित्रं ध्यान पाळलंयस, आई!"

"मार खाऊन आलीय ती."

जखमी कुत्र्यांच्या आश्रमातून आणल्यापासून आई तिला भाकरी भरवताना रोज सांगायची, आता कुणी मारणार नाही गं. सांगता सांगता तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

तिने मुलाच्या हातातली काठी घेतली आणि अंघोळीचं पाणी तापत होतं त्या चुलीत सारली.

"बाबांची काठी! एका कुत्रीसाठी जाळलीस?"

"हिच्यासाठी निदान कुणीतरी जाळली," आई म्हणाली. "माझ्या वेळी तुला मिसरूड फुटलं होतं, तरी दाराआडूनच बघायचास."