जाडा सिगार

त्र्याहत्तर साली बुद्धजयंतीला मी मुंबईहून डोंगरकड्याला आलो, तेव्हा गोदीत क्युबन खलाशानं दिलेले तीन सिगार बाबांपुढं मांडले. बाबांनी जन्मभर फक्त बिडी ओढलेली. “नव्या माणसानं हा बारीक, हलका घ्यावा,” मी म्हणालो. “सगळ्यात जास्त वेळ कोणता जळतो?” त्यांनी विचारलं. “हा जाडा. घंटाभर जळंल. पण लई कडक हाय, ठसका लागंल.” “लागू दे.” टोक दातानं तोडून, चुलीतल्या निखाऱ्यावर सिगार पेटवून बाबा पाटलाच्या गल्लीकडं निघाले. मी मागं. आमच्या वस्तीतल्यांनी पाटलाच्या दारावरून जाताना बिडी विझवायची, असा गावाचा रिवाज. कोपऱ्यावरची भिंत विझवलेल्या बिड्यांनी काळी पडली होती. तिथं बाबांचा हात सवयीनं भिंतीकडं गेला. तो त्यांनी मध्येच आवरला, खोकतच मोठा झुरका घेतला आणि पाटलाच्या दारापुढं येताच चाल मुद्दाम हळू केली.