जबड्यातली पट्टी

न्यू बेडफर्ड बंदराच्या बांधावर माझा अन्सेल्मो रोज पहाटे गळ टाकायला जायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. अंगाला मासळीचा वाससुद्धा नाही! “पट्टेरी बास मासा उरलाच नाही गं,” म्हणायचा. मग रोज जातो कशाला? बेकरीवाली विधवा डेल्फिना हल्ली फारच हसतमुख दिसत होती. शेवटी मी बजावलं, “नवरोबा, मासा दाखव, नाहीतर बाई दाखव!” दुसऱ्याच दिवशी त्याने भलामोठा बास ओट्यावर आपटला. “पटलं आता?” मासा साफ करताना जबड्यात हिरव्या प्लॅस्टिकचा तुकडा सापडला. असली सरकारी पट्टी विकायच्या माशालाच असते. “गळ दुकानात टाकलास वाटतं?” तो ओशाळला. “तीन वर्षांत एकही लागला नाही. पण घरी बसलो, तर म्हातारा झालो म्हणशील.” आज पहाटे त्याच्याआधी मीच बूट चढवले. “तू कुठे?” “बांधावर. तिथून बेकरी दिसते का, बघायचंय.”