धोंड्याची अवस

कौसाबाई थांब्यावरून परत आली, ती सकाळपासून दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा चष्मा विसरला होता. आता तांब्या. चेतना ओट्यावर सुपात दादर ज्वारी घेऊन खडे निवडत बसली होती. तिने उठून तांब्या आणून दिला. सासूने तो पिशवीत कोंबला आणि तरी हलली नाही.

“आज तुले बाहेर काहीच काम नही का वं?”

“नही आत्या. कसानं काम?”

“काही नही. सहज इचारं.”

सोमवती अवस, त्यात धोंड्याचा महिना. म्हणजे दुधात साखर. अशा दिवशी सगळा गाव प्रकाशा गावी तापीत न्हायला लोटलेला, आणि ही दारात पाय घोटाळत उभी. आठची एस.टी. गेली. उन्हं ओट्यावर चढली. कौसाबाईने झोळीतल्या धाकट्या नातीला उगाच एक झोका दिला, पुन्हा सुनेकडे पाहिलं आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी फाट्याकडे निघाली.

चेतनाचे हात सुपात अडखळले. हिला कळलं की काय?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. धाकटीच्या वेळी चेतनाच्या अंगावरून इतकं गेलं की तीन बाटल्या रक्त चढवावं लागलं. डॉक्टरीणबाई निघताना म्हणाल्या होत्या, तीन वर्षं दिवस राहू देऊ नका, पुढच्या वेळी बाई हाती लागायची नाही. नवऱ्याने, हेमराजने, ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. दोन मुली झाल्या, आता एक मुलगा झाला की थांबू, हे त्याचं पालुपद. कौसाबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, एवढा एक नातू पाहिला की डोळे मिटायला मोकळी.

मग चेतनाने गावच्या आशाताईला, फुलवंताबाईला, नळावर गाठलं. उपकेंद्रात एक सुई मिळते. दर तीन महिन्यांनी दंडात घ्यायची, दिवस राहत नाहीत. फुकट. घरात गोळ्यांचं पाकीट सापडायची भीती नाही. कार्डही फुलवंताबाईकडेच राहणार. अडचण एकच होती. सासू घरातून हलत नव्हती, आणि ती घरात असताना कुठे चाललीस याला उत्तर नव्हतं.

पण देव पावला. मार्गशीर्षात कौसाबाईला एकाएकी पुण्य सुचलं. दर अवसेला तापीचं न्हाणं धरलं तिने. पहाटे निघायची ती दुपार करून यायची. त्याच अवसेला चेतना धाकटीला कडेवर घेऊन उपकेंद्रात जाऊन आली. दुसरी सुई फाल्गुनातल्या अवसेला. तारखा ती लक्षातच ठेवत नसे. मार्गशीर्ष, फाल्गुन, ज्येष्ठ, एवढं पुरे होतं. धोंडा सरला की खरा ज्येष्ठ लागेल, त्याच्या अवसेला तिसरी. अजून महिना हाताशी होता. म्हणून तर आज ती निवांत बसली होती.

निवांत कसली! दादर तिसऱ्यांदा निवडून झाली, तरी ती तेच सूप घोळत होती. हिने फुलवंताबाईला विचारलं असेल का? हेमराजच्या कानावर घातलं असेल का? तो वावरातून आला की काय बोलेल?

फाटक वाजलं. कौसाबाई पुन्हा परत आली होती. या वेळी काही विसरल्याचं तिने सांगितलं नाही. पिशवी खाली टाकली, सुनेच्या हातातून सूप ओढून घेतलं.

“ऊठ. केंद्रवर जाय. दोनच सुया ऱ्हायन्यात. फुलवंता थांबावर त्या सुतारीनले सांगी ऱ्हायनी व्हती. पुढला माल कवय येई, कोनलेच म्हाइत नही.”

चेतना अर्धवट उठली. “कसन्या सुया, आत्या?”

“माले येडी समजू नको. फागुननी अवसले लिधी ना तू? तीन महिना व्हयनात आज.”

“पन जेठनी अवस ते अजून...”

“आन हाऊ धोंडाना महिना कोन धरी?”

“धोंडा कोठे धरतस, आत्या? त्यामा लगीन नही, मुंज नही...”

“पोटले पंचांग वाचता येस का, येडी?”

चेतनाने बोटं मोजली. चैत्र, वैशाख, धोंडा. तीन. ती आणखी एक महिना तशीच काढणार होती.

“तुम्हले कोनी सांगं?”

“कोनीच नही. नळवर तू फुलवंताले म्हने ना, घर रिकामं सापडत नही म्हनीसन. मी मांगेच हंडा लिसन उभी व्हती.”

“मंग इतला दिन बोलन्यात का नही?”

“तोंड उघाडती ते हेमराजले सांगनं पडतं.” कौसाबाईने सुपाला एक झटका दिला. “नातू माले बी जोयजे. पन तुन्हा जीव देईसन नही जोयजे.”

चेतनाला रडू फुटलं. तिने ते पदराने दाबलं आणि चपला शोधू लागली. एक ओट्याखाली सापडली, एक सापडेना. शेवटी सासूच्याच चपला पायात सरकवल्या. फाटकापाशी गेल्यावर तिला एकदम आठवलं.

“आत्या, तुम्हनं न्हानं? आज सोमवती शे. इतलं मोठं पुन्य...”

“जाय वं लवकर!” कौसाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. “भर थंडीमा पहाटले तापीमा बुडी मारी मी, ती काय पुन्यकरता व्हती का?”