धनाजीचं जहाज

ऋषिराजनं संगणकावरचा अवकाशयुद्धाचा खेळ रचला आणि सीमेवर शहीद झालेल्या भावाचं नाव गावच्या कमानीवर आहे तसंच आरमाराच्या मुख्य जहाजावर घातलं, ‘धनाजी’. पहिला डाव वडिलांना, आप्पांना दिला. त्यांनी सगळी जहाजं शत्रूवर धाडली, पण धनाजीला आपल्या ग्रहावरून हलू देईनात. “आवं आप्पा, मुख्य जहाजाशिवाय शत्रूच्या ग्रहावर फौज उतरत न्हाई!” “ऱ्हाऊ दे. एकदा धाडला तेवढं बास झालं. हरलो तरी चालंल, पोरगं घरी हाय.” एकेक जहाज फुटलं, शत्रू आपल्या ग्रहावर येऊन भिडला. आप्पा मात्र देवळाच्या भोंग्यावरल्या कीर्तनाला निवांत मान डोलवत होते. ग्रह पडला की तिथलं जहाजही जळतं, हा नियम ऋषिराजनंच लिहिला होता. त्यानं खाली वाकून वायर उपटली. “लाईट गेली, आप्पा.” आप्पांनी गरगरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. “व्हय, गेली.”