रेसचा कॅमशाफ्ट
उचगावच्या गॅरेजात कृष्णात इंजिनाच्या झडपा उघडणारे दोन कॅमशाफ्ट आलटूनपालटून उचलत होता. सहा सिलिंडरची गाडी त्याला रोज कोल्हापूरच्या गर्दीतच चालवायची होती, पण कुठला बसवावा ते ठरत नव्हतं. मिस्त्री वैतागला. “ह्यो गरीब हाय, सिग्नलला गप बसतोय. त्यो रेसचा, हळू चालवलं की गचके देतोय.” “रेसचाच बसवा. आवाज तर ऐकू,” कृष्णात म्हणाला. संध्याकाळी इंजिनाची धडधड गल्लीभर घुमली, आणि समोरच्या गोठ्यातून कृष्णातची म्हैस दावं तोडून गाडीमागं येऊन उभी राहिली. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या शर्यतीत त्याचे वडील सायलेन्सर काढलेली मोटारसायकल अशीच धडधडत पळवायचे आणि ही म्हैस मागून धावायची. वडील गेल्यापासून ती गोठ्याबाहेर पडली नव्हती. मिस्त्रीनं हळूच विचारलं, “काढू का ह्यो रेसचा?” कृष्णातनं पहिला गिअर टाकला. गाडी गचके देत म्हशीच्या चालीनं निघाली. “ऱ्हाऊ द्या. बंद पडली तर ढकलायला ती हाय की.”